दुसऱ्या खुर्चीचा हंगाम

भात पिवळं पडायला लागलं की मला निवडणुकीचा वास येतो. खरं तर तो इंद्रायणी भाताचा वास असतो, ओल्या पेंढ्याचा आणि सकाळच्या दवाचा. पण माझ्या नाकानं दोन वर्षांपूर्वी या दोन वासांची गाठ मारून ठेवली आहे आणि ती आता सुटायची नाही. यंदाही तेच झालं. परवा सकाळी कंपनीच्या कॅबची वाट बघत रस्त्याला उभी होते. लांब हिंजवडीच्या इमारती, जवळ कापून आडव्या पाडलेल्या भाताचे पट्टे, आणि मधल्या खांबावर कोरा करकरीत फ्लेक्स: ‘भावी सरपंच’. खाली हात जोडलेला हसरा चेहरा. पंचायतीची मुदत संपत आली, म्हणजे भावींचा हंगाम सुरू झाला. कॅबवाला हॉर्न वाजवतोय आणि मी आपली त्या फ्लेक्सकडे बघत उभी.

मी मूळची वाशीमची. नोकरीसाठी पुण्यात आले, पुण्यातून हिंजवडीत, आणि हिंजवडीतली भाडी ऐकून नांदे गावाच्याही पुढे, आत वळल्यावर लागणाऱ्या या गावात. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर काकू मला सामानासकट खाली उतरवतील. तळमजल्यावर हिराकाकू आणि काका, वर मी, माझा लॅपटॉप आणि खिडकीतून दिसणारं त्यांचं खळं. खोली घेतली तेव्हा त्या नुसत्याच हिराकाकू होत्या. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि उपसरपंच झाल्या. तेव्हापासून काका चहा मागताना म्हणायचे, "उपसरपंचबाई, दप्तर मिटलं आसंल तर चा टाका." काकू हसायच्या नाहीत, पण त्या दिवशी चहात साखर जास्त पडायची.

आमच्या ग्रामपंचायतीत सात सदस्य. सरपंचपद त्या खेपेला बाईसाठी राखीव निघालं, आणि त्यावर दोघींचा सारखाच हक्क होता. एक हिराकाकू आणि दुसऱ्या सुरेखावहिनी, काकूंपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. वहिनींचे यजमान दत्ताभाऊ, म्हणजे गावातला सगळ्यात मोठा आवाज. भांडण चुलीपर्यंत जायला लागलं तेव्हा पॅनेल बांधणाऱ्या आप्पांनी इकडच्या रीतीप्रमाणे तोड काढली. दोघींना भैरवनाथाच्या देवळात नेलं, तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर हळदीचा भंडारा ठेवला आणि शब्द घेतला: पहिली अडीच वर्षं सुरेखा सरपंच, हिरा उपसरपंच, मग सुरेखानं राजीनामा द्यायचा आणि पुढची अडीच वर्षं हिराची. कागद फिरवता येतो, उचललेला भंडारा फिरवता येत नाही, असं इथे मानतात. आमच्या कंपनीत एवढे जाडजूड करार होतात आणि तरी वर्षभर वकील फोनवर असतात. मला ही चिमूटभर हळद फार आवडली होती.

दुसऱ्या नंबरच्या माणसाकडे बघायची मला लहानपणापासून खोड आहे. टीव्हीवर शपथविधी लागला की सगळे पहिल्याकडे बघतात, मी दुसऱ्याकडे. त्यानं टाळ्या वाजवताना हात किती वर नेलेत, हसू डोळ्यांपर्यंत पोचलंय की ओठांवरच अडलंय, हे बघत बसते. याला कारण माझे बाबा. ते अकरा वर्षं उपमुख्याध्यापक होते. वेळापत्रक त्यांचं, परीक्षा त्यांच्या, पावसात गळणाऱ्या वर्गातली पोरं उचलून कोरड्या वर्गात बसवायचं काम त्यांचं. मुख्याध्यापक निवृत्त व्हायचे, सगळे म्हणायचे, आता सर तुमचाच नंबर, आणि बाहेरून कोणीतरी नेमणुकीचा कागद घेऊन यायचं. बाबा त्या माणसाला शाळा फिरवून दाखवायचे. कार्यालयात मुख्याध्यापकांच्या नावांचा फळा होता. त्यावर बाबांचं नाव कधी आलं नाही. शिपाई रजेवर असला की त्या फळ्यावरची धूळ मात्र ते स्वतः पुसायचे, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या ग्रामपंचायतीतही तसाच फळा आहे. ‘आजवरचे सरपंच’. पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेली नावं, पुढे कारकीर्द. उपसरपंचांचा फळा कुठेच नसतो. खालच्या बाजूला सरपंचांची फिरती खुर्ची, पाठीवर टॉवेल टाकलेली, आणि शेजारी प्लास्टिकची दुसरी खुर्ची, तिचा एक हात मोडलेला. अडीच वर्षं काकू त्या मोडक्या खुर्चीत बसल्या. नव्या सोसायट्यांचं सांडपाणी ओढ्यात सोडलं तेव्हा ओढ्यात उतरून पाइप शोधणाऱ्या काकू. टँकर वरच्या आळीला आधी की खालच्या आळीला, हा वाद पदर खोचून मिटवणाऱ्या काकू. कार्यक्रम असला की नारळ फोडायला मात्र सुरेखावहिनी, आणि फोटोत त्यांच्या पुढे दत्ताभाऊ. एकदा मी काकूंना विचारलं, तुम्हाला राग नाही येत? त्या तांदूळ निवडत होत्या.

"राग कशाचा? माझी पाळी येतीया की," त्या म्हणाल्या. मग खडा बाजूला टाकत हळूच म्हणाल्या, "खुर्चीचं मला काय न्हाई बग. पर त्या फळ्यावर नाव आलं पायजे. माझ्या माह्यारी बायांची नावं कुटंच न्हाईत. ना सात-बाऱ्यावर, ना दारावर. हितं तरी यिऊ दे."

एवढंच हवं होतं त्यांना. मी त्याच दिवशी त्यांच्या पक्षात गेले.

अडीच वर्षं भरली आणि गंमत सुरू झाली. आप्पांनी आठवण करून दिली तेव्हा दत्ताभाऊ म्हणाले, गणपती हूं द्या. गणपती झाले, तर म्हणाले, नवरात्रात कुनी खुर्ची सोडतं का? नवरात्र उठलं, तर दिवाळीत घरात लक्ष्मी यायच्या येळंला राजीनामा कसा द्यायचा? माझा जीव नुसता टांगणीला. सकाळी ब्रश करता करता खिडकीतून काकूंच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि त्यावरून रात्रीत काही घडलंय का ते ताडायचे. बाबांचा वाशीमहून रोज फोन. आधी ते माझी तब्येत विचारायचे, त्या महिन्यात थेट विचारायला लागले, "वैशू, तुझ्या उपसरपंचबाईंचं काय झालं?" आई मागून ओरडायची की पोरीला जेवली का ते तरी विचारा.

दिवाळी झाली, कापणी तोंडावर आली, आणि सुरेखावहिनींनी तालुक्याला, पौडला जाऊन राजीनामा दिला. खरंच दिला. त्याआधी काकूंनी आपला उपसरपंचपदाचा राजीनामा त्यांच्या हातात ठेवला होता, कारण ते पद पुढच्या माणसाला द्यायचं, हेही देवळात ठरलेलं. आप्पा म्हणाले होते, "हिरे, आदी वरची पायरी घट हूं दे, मंग खालची सोड." काकूंनी ऐकलं नाही. शब्द तो शब्द, म्हणाल्या. मी तर त्या दिवशी पेढेच आणले होते. संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही ते खात असतानाच काका बाहेरून आले आणि चप्पल न काढताच उभे राहिले.

"दत्त्यानं त्याच्या भावजईचं नाव फुडं केलंय," ते म्हणाले. "चुलत भावजय. तीबी मेंबरच हाय न्हवं."

मला वाटलं, आता देऊळ, भंडारा, आप्पा, सगळं गाव पेटणार. पण दत्ताभाऊंनी चावडीवर उभं राहून इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाही पटलं: "शब्द राजीनाम्याचा व्हता. आमी दिला. मत कुनाला द्यायचं ह्याचा भंडारा आमी कवा उचलला?" आणि खरंच, त्या दिवशी देवळात मताबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं. राजीनामा म्हणजे पुढचं सगळं आलंच, असं समजून सगळे प्रसाद घेऊन घरी गेले होते. आप्पा तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

आता काकू सरपंचही नाहीत आणि उपसरपंचही नाहीत. आठवड्यावर निवड. सातातले तीन दत्ताभाऊंकडे: भावजय आणि आणखी दोघे. तीन इकडे: काकू स्वतः, किराणा दुकानवाले एक आणि तालमीतला एक जवान गडी. उरलं सातवं मत सुरेखावहिनींचं. वहीच्या मागच्या पानावर मी सात रेघा ओढल्या होत्या आणि दिवसातून दहादा मोजायचे, जणू मोजता मोजता आठवी रेघ निघेल. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, स्टेटस काय? माझ्या तोंडून गेलं, तीन-तीन आहे सर, एक अडलंय. त्यांनी ते लिहून घेतलं.

निवडीआधी सदस्यांना सहलीला न्यायची पद्धत आहे. सहल म्हणजे राखण. दत्ताभाऊंनी आपल्या तिघांना कासार आंबोलीच्या बाजूला कोणाच्या तरी बंगल्यावर नेऊन ठेवलं. तिथे पोहण्याचा तलाव होता, कोंबड्या होत्या, फोन मात्र काढून घेतले होते. काकूंचे दोघे दुसऱ्याच दिवशी तोंड पाडून आले. आपल्याला कुठं नेताय, म्हणाले. काकू म्हणाल्या, "भात पडलंय शेतात आन् सहली सुचत्यात? खळ्यावर या. जेवन हाय, अंथरून हाय, आन् झोडनीबी हाय." मग काय, त्यांचे सदस्य तलावात आणि आमचे खळ्यावर. दिवसभर दोघे भाताचे भारे फळीवर आपटतायत, दाणे उडतायत, अंगाला भाताची बारीक कूस लागून खाजतंय. दुकानवाल्या सदस्यांनी आयुष्यात तागडीखेरीज काही उचललेलं नव्हतं. त्यांच्या हाताला फोड आले. पैलवान गडी म्हणायचा, "काकू, तिकडं मटान शिजतंय म्हनं." काकू म्हणायच्या, "पिठलं खा. मटान खाऊन फुटलेली मानसं लई बघितली." मी वरून हेडफोन लावून काम करायचे आणि मधल्या सुट्टीत खाली जाऊन वारवायला उभी राहायचे. सुपातून भात सोडायचं, वारा पोल, म्हणजे पोकळ दाणा, बाजूला नेतो, भरलेला दाणा सरळ पायाशी पडतो. इतका आनंद मला बढतीच्या पत्रानं दिला नव्हता.

आजही खाली वारवणं चाललं आहे. यंदा वारा कमी, म्हणून टेबलफॅन लावलाय. काका म्हणतात, पुढं गाव महापालिकेत जाणार, मग कसली पंचायत आणि कसला सरपंच. जाईलही. शेजारच्या शेतात तर आता भात नाहीच. तिथे बारा मजल्यांचा सांगाडा उभा आहे आणि वरून कामगारांचा रेडिओ हिंदी गाणी म्हणतो. पण मी खिडकी उघडली, कूस उडून कीबोर्डवर आली, आणि मला पुन्हा ते आठ दिवस जसेच्या तसे मिळाले. एखादा हंगाम आपल्याला एवढा का चिकटतो? मला वाटतं, दुसऱ्याच्या आशेत आपण पूर्ण उतरलो, असे दिवस आयुष्यात थोडेच येतात. एरवी आपण काठावरच असतो.

सगळ्यांचा हिशेब सुरेखावहिनींवर अडला होता, आणि गंमत अशी की दत्ताभाऊंनी सगळ्यांना बंगल्यावर नेलं, पण वहिनींना घरीच ठेवलं. स्वतःच्या घरातलं मत कोण पळवून नेणार? गुरं होती, सासूबाई होत्या, स्वयंपाक होता. त्यांना स्वतःला काय वाटतं, ते कोणी विचारलंही नाही. मला त्या एकदा गिरणीत भेटल्या. काकूही होत्या. मी वाट बघत उभी, की आता काहीतरी बोलतील.

"काकू, तुमची कापनी झाली?" वहिनींनी विचारलं.

"झाली. झोडनी चाललीया."

"आमची ऱ्हायलीया. ह्यान्ला येळ कुटं हाय."

बस. पीठ डब्यात ओतलं आणि दोघी दोन वाटांनी गेल्या. मला त्या दोघींना धरून हलवावंसं वाटलं.

निवडीला दोन दिवस राहिले आणि आभाळ भरून आलं. उभं पिकलेलं भात पावसात सापडलं की लोळतं, दाणा काळा पडतो, वर्षभराचं खाणं मातीत जातं. आमचं खळ्यावर येऊन झाकून झालं होतं. सुरेखावहिनींचं शेत काकूंच्या बांधाला लागून, आणि ते तसंच उभं. दत्ताभाऊ आणि त्यांची सगळी माणसं बंगल्यावर राखणीला. वहिनी एकट्या विळा घेऊन एका कोपऱ्यात वाकल्या होत्या. काकू बांधावर उभ्या राहून थोडा वेळ बघत होत्या, मग मागे वळून आपल्या दोन्ही सदस्यांना म्हणाल्या, "विळं घ्या."

इकडे इर्जिकीची रीत आहे. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. मजुरी नाही, नुसतं जेवण. या दोन बांधांची इर्जिक काकूंच्या सासूच्या काळापासून चाललेली. पण त्या दिवशी आप्पा तीन दिवसांनंतर पहिल्यांदा घराबाहेर पडले ते धावतच आले.

"हिरे, गाव काय म्हनंल? मत मागाया गेली म्हनत्याल!"

"म्हनू द्या," काकू म्हणाल्या. "मागल्या साली माझा गुडघा धरला व्हता तवा तिनं कापलं माझं. ह्या साली मी घरी बसले, तर त्येच राजकारन झालं."

मी ऑफिसला तब्येतीचं कारण कळवलं आणि ओढणी कमरेला बांधून गेले. मला विळा धरता येत नव्हता म्हणून पेंढ्या बांधायला बसवलं. काय दिवस होता तो! वर काळं आभाळ, खाली पिवळं शेत, मध्ये सात-आठ वाकलेल्या पाठी. पैलवान गडी ओळच्या ओळ घेत सुटलेला. दुकानवाले फोडांना चिंध्या बांधून कापतायत. आप्पा बांधावर उभं राहून शिव्या घालता घालता शेवटी स्वतःच धोतर खोचून उतरले. वारा सुटायचा, सगळे एकदम वर बघायचे, आणि मग दुप्पट जोरानं कापायला लागायचे. काकू आणि वहिनी शेजारच्या दोन ओळी धरून सगळ्यात पुढे. मी कान टवकारून होते. मताचा शब्द नाही. वहिनींनी एकदा विचारलं, गुडघा बरा हाय का? काकू म्हणाल्या, त्यो काय, चालायचंच. संध्याकाळी शेवटचा भारा झाकला आणि दहा मिनिटांत सर आली. आम्ही सगळे गोठ्यात उभं राहून चहा पीत होतो. माझ्या हातांची सालं निघाली होती आणि मला वेड लागल्यासारखं हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कायद्याचं पुस्तक मोबाइलवर उघडून बसले आणि उडालेच. एकाही सदस्यानं मागणी केली तर हात वर करून नाही, गुप्त चिठ्ठ्यांनी मतदान घ्यावं लागतं! जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत मी खाली गेले. दत्ताभाऊंनी हात वर करून मतदान व्हावं म्हणून आपल्या तिघांना आधीच पढवून ठेवलं होतं. म्हणजे बायकोचा हात खिडकीतून दिसेल. काकूंनी नुसती चिठ्ठी मागायची, की वहिनी मोकळ्या.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. भाकरी उलटली.

"समज, चारला तीन झालं. तर चवथं कुनाचं, हे दत्त्याला कळायचं न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग लपून काय मिळालं तिला? आन् तिनं नसंल द्यायचं, तर मलाबी तोंडावर कळू दे. देवळात समद्यांच्या म्होरं ठरलं, हितंबी समद्यांच्या म्होरं हूं दे."

"आणि पडलात तर?"

"पडले तर मेंबर हायेच की." भाकरी फुगली, त्यांनी ती दाबली. "फळा काय पळून जात न्हाई. पर पोरी, ह्या वयात दुसरी पाळी न्हाई येत गं."

ते वाक्य त्या भाकरीकडे बघत बोलल्या. मी वर जाऊन बाबांना फोन केला आणि ते वाक्य सोडून बाकी सगळं सांगितलं.

निवडीचा दिवस. हलगीवाले दोन होते, दोन्हीकडचे, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. गुलालाची पोती दोन्हीकडे. काकूंनी हिरवं लुगडं नेसलं होतं आणि निघताना देवापुढे दोन मिनिटं जास्त उभ्या राहिल्या. बंगल्यावरची मंडळी गाडीतून उतरली, चांगली तुकतुकीत होऊन, तलावाच्या पाण्यानं डोळे लाल झालेले. आमचे दोघे उन्हानं करपलेले, हाताला चिंध्या. काका माझ्या कानात म्हणाले, "बग, कोन जत्रंवरनं आलंय आन् कोन शेतावरनं, कळतंय का न्हाई?" मला हसू आलं, ते मी ओढणीत दाबलं.

आत फक्त सात सदस्य, ग्रामसेवक आणि तालुक्याहून आलेले अधिकारी. बाकी गाव खिडक्यांना. एका खिडकीत दत्ताभाऊ, समोरच्या खिडकीत मी. बाबांनी फोन चालू ठेवायला सांगितलं होतं, तो मी ओढणीखाली धरला होता आणि त्यातून मधूनमधून, "झालं का? झालं का?" असं येत होतं. फिरत्या खुर्चीत आज अधिकारी बसले होते. त्यांनी विचारलं, मतदान कसं घ्यायचं? एक सदस्य घाईनं म्हणाला, हात वर करून. गुप्त कोणाला हवं आहे का? काकूंनी मान वर केली नाही. माझ्या जिभेवर शब्द आला होता, तो मी गिळला.

पहिलं नाव वाचलं गेलं, भावजयीचं. तीन हात झटकन वर गेले. सगळ्या खिडक्यांची डोकी एकाच बाजूला वळली. सुरेखावहिनी पदर डोक्यावरून पुढे ओढून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, एकात एक घट्ट धरलेले. दत्ताभाऊंनी गाडीची किल्ली गजावर वाजवली. टण. टण. मग मोठ्यानं म्हणाले, "सुरेखा!"

"बाहेरच्यांनी बोलायचं नाही," अधिकारी म्हणाले. त्यांनी एकदा सगळीकडे पाहिलं. "अजून कोणी?" कोणी नाही. मांडीवरचे हात तसेच. किल्ली वाजायची थांबली. "तीन," असं म्हणून त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि दुसरा अर्ज शोधायला लागले. कागद कागदाला चिकटले होते. त्यांनी बोटाला थुंकी लावली. मला त्या माणसाला खिडकीतून हात घालून मदत करावीशी वाटत होती.

आणि तेवढ्यात हात वर गेला. दुसरं नाव, काकूंचं, अजून वाचलंही नव्हतं. दुकानवाल्यांचा हात खाली, पैलवानाचा खाली, काकूंचा स्वतःचाही मांडीवरच. नुसता सुरेखावहिनींचा उजवा हात, विळ्यानं चिरलेल्या बोटांचा, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या, सरळ उभा. अधिकाऱ्यांनी मान वर केली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, हात खाली घ्या. अजून नाव वाचलेलं नाही."

"तुमी वाचा सायेब सावकाश," वहिनी म्हणाल्या. आवाज थरथरत होता, हात नव्हता. "ह्यो ऱ्हाऊ द्या वरच. आता खाली घेतला, तर परत वर जाईल का न्हाई, माझं मला सांगता येत न्हाई."